विठूने गिअरला घातलेलं तेल

"तेल जुनं व्हायला गाडी चालावी तरी लागते, आबा. ही उभीच हाय." मिथुन दारातूनच बोलत आत आला. हात कोपरापर्यंत तेलकट.

त्याचा बाप विठू जमिनीवर बसून चिंधीने पाना पुसत होता. गिअरबॉक्सचं तेल काळं पडलं होतं, म्हणून सोडलं, एवढंच म्हणाला. ते आपण कालच भरलं होतं, असं मिथुनने सांगितलं. त्याच्या बायकोने, पूर्वीने, गॅस बारीक करत म्हटलं की मिथुनने रविवारी शर्यतीला नाव दिलंय, आणि कामोठ्याच्या या सोसायटीत लोक आता पार्किंगला आपलं गॅरेज म्हणतात.

"बोटीला एवढं जपलं असतं तर आज बोटीवरच असता," मिथुन म्हणाला.

त्याची आई रंभा सुपात सुकट निवडत होती. करंजा बंदरावर मासळीच्या लिलावात जिच्या आवाजापुढे भले भले गप्प बसायचे, तिने सुकटीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

विठू गुडघे जाईपर्यंत करंज्याच्या बोटींवर ड्रायव्हर होता, म्हणजे इंजिन सांभाळणारा. रात्रभर एका गतीने चालणाऱ्या इंजिनाला जाड तेल लागतं, हे त्याचं शास्त्र. त्यांच्या घराण्यात इंजिनाला तेल घरातला मोठा पुरुष घाली, आणि ज्याने तेल घातलं त्याच्या जिवावर बोट जाई. बोट परत आली नाही तर खलाशी बोटीच्या कप्तानाकडे, तांडेलाकडे नाही, त्याच्याकडे बघत.

थोरल्या प्रणितने हौशी शर्यतींसाठी जुनी छोटी गाडी घेतली तेव्हा तेलाचा मान विठूकडेच आला. मित्रांनी प्रणितला पातळ तेल सांगितलं होतं. ट्रॅकच्या तापात ते पाण्यासारखं होईल, म्हणत विठूने वीस-पन्नासचं जाड तेल घातलं. इंजिन खरंच सुधारलं. तेलाचा दाब पडायचा थांबला. प्रणितने बापाला उचलून गोल फिरवलं.

मग तेच शास्त्र विठूने गिअरबॉक्सला लावलं. कळंबोलीहून ट्रकच्या मागच्या आसाला घालतात ते सगळ्यांत कडक, सगळ्यांत महाग तेल आणलं. लोखंडी दात ते तेल उत्तम राखतं. पण या गिअरबॉक्समध्ये गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगा होत्या, आणि पितळेला ते हळूहळू खातं. बोटीवर हे कधी कळायची वेळच आली नव्हती. गिअर कुरकुरायला लागले, तेव्हा नवीन तेल आहे, बसेल, असं विठू म्हणाला. घाटावरच्या ट्रॅकवर प्रणितची गाडी वळणाआधी मंदावली नाही. ती बांधावरून खाली गेली.

प्रणित गेला तो टायर फुटून, असं घरात ठरलं. मिथुनने गाडी पुन्हा उभी केली, पितळेला चालणारं बेताचं तेल आणलं. पण उतरवलेलं जुनं तेल विठूने लोणच्याच्या बरणीत भरून ठेवलं. सकाळी उन्हात धरून तो ती हलवी. तळातून सोन्यासारखी भुकटी उठे, फिरे, परत खाली बसे. तिकडे बघत तो चहा गार करी.

आता सून पूर्वी म्हणत होती की आबांना डॉक्टरकडे न्यायला हवं. रंभाने सूप बाजूला केलं.

"मिथुन, माजा पोर तेलानं गेला का?"

मिथुन बेसिनकडे गेला, नळ सोडला, बंद केला. "रिंगा तेलानं खाल्ल्या, आये. ते खरं हाय. पन खालचा गिअर पडला नाय की टायर आधी गेला, ते मला ठाऊक नाय. कोनालाच नाय."

"टायर फुटला ते कोनी बगितलं?"

"आमीच बोललो. आबांसाटी."

रंभाने नवऱ्याकडे पाहिलं. अगदी बोट बुडाल्यावर खलाशी बघतात तसं. विठूने मान खाली घातली नाही.

"मी मुद्दाम खोलत नाय," तो सावकाश म्हणाला. "पाटंला पोर हाक मारतो. आबा, तेल बगा. मंग मी हितं झोपून कसा ऱ्हाऊ?"

पूर्वीने भांड्यावर झाकण ठेवलं. मिथुनच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

विठू भिंतीला धरून उठला. पाना त्याने मिथुनच्या हातात दिला.

"तेल तूच भर. मी करंज्याला चाललो, आता हितं ऱ्हानार नाय. रंभा, तुला यायचं तर ये."