पाखऱ्याचं काळं जू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आबांना तर नाहीच — आबा म्हणजे माझे वडील, आणि खरं तर आधी त्यांनाच सांगायला हवं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या कन्हेरी गावचे नाही, म्हणून. उद्या पारावर भेटणार नाही, म्हणून.

मी बारामतीत एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. कार्बन फायबरचे भाग बनवतो — फवारणीच्या ड्रोनचे हात वगैरे. काळं कापड असतं, त्याचे थर रेझिन नावाच्या चिकट रसायनात भिजवून साच्यात बसवायचे, रेझिन घट्ट झालं की भट्टीत सावकाश तापवून पक्कं करायचं. झालेली वस्तू लोखंडासारखी टणक, आणि वजन म्हणाल तर करंगळीवर पेलेल. आमच्या गावाला बैलगाडा शर्यतीचं वेड. दत्तूतात्यांच्या डोक्यात आलं, असलं हलकं जू बैलांच्या मानेवर असलं तर? तात्या म्हणजे गावातले मोठे बैलवाले. आबांनी उभा जन्म त्यांच्याच गोठ्यात काढला. त्यांचा पळणारा बैल पाखऱ्या — आई मेलेलं वासरू होता तो, आबांनी बाटलीनं दूध पाजून जगवलेला.

मी जू केलं. जीव ओतून केलं, खोटं कशाला सांगू? फक्त भट्टी वर्कशॉपच्या कामात अडकली होती, म्हणून शेवटचं तापवणं राहिलं. शर्यतीचा झटका म्हणजे मिनिटभराचा खेळ. तेवढा ते सहज सोसणार होतं. सवडीनं परत आणून तापवू, असं मनाशी ठरवलं होतं.

मग बावड्याची शर्यत झाली. पाखऱ्याची जोडी पहिली आली, आणि माइकवाल्यानं तात्यांना विचारलं, हे काळं जू कुणी केलं? माझी मान आपोआप वर झाली — हो, झाली. तात्या माइकमध्ये म्हणाले, "ज्ञानबाच्या पोरानं. बापानं जलमभर आमचं शेन काढलं, पोरगं निदान जू तरी करतंय!"

मैदान हसलं. ते जाऊ द्या, मैदान कशालाही हसतं. पण माझ्या शेजारी बसलेले आबाही हसले. टोपी सारखी करत, सगळ्यांच्या बरोबरीनं हसले.

ते हसू मी विसरलो असतो तर? नाही विसरलो. जेवताना आठवायचं, गाडीला किक मारताना आठवायचं, आणि अन्न गोड लागायचं नाही.

किती वेळ आडून आडून बोलणार? सांगतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला तात्या आमच्या घरी आले. पुढं मोठी शर्यत होती. "लाकडाचं जू आमी तेल पाजून मुरवतो. ह्याला काय करायचं रं?" अगदी मनापासून विचारलं त्यांनी. 'आणून द्या, भट्टीत तापवून देतो' — एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हणालो, "ह्याला वजनानं मुरवायचं, तात्या. गोठ्याच्या पत्र्याखाली मधोमध बांधून टांगा, दोन्ही टोकांना वाळूची पोती आडकवा. पाखऱ्याच्या बाजूच्या टोकाला जरा जास्ती. शर्यतीपतुर काढू नका."

कार्बनचा धागा सहसा हार मानत नाही. पण त्याला धरून ठेवणारं रेझिन — ते झटका सोसतं, कायमचं ओझं सोसत नाही. ओझ्याखाली हळूहळू सरकत राहतं. त्यात ते कच्चं, त्यात वर तापलेला पत्रा. मोडत नाही, आवाज करत नाही, केसाकेसानं वाकतं, आणि ओझं काढलं तरी पुरतं सरळ होत नाही. रोज बघणाऱ्याला तर कळतही नाही, घरच्या माणसाचं सुटलेलं पोट घरच्यांना दिसत नाही तसं.

मला कळत होतं. मी मुद्दाम गोठ्यावर जाऊन यायचो. भर दुपारी त्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, आणि पोती लोंबत होती. एकदा मी जुवावरून हात फिरवला. पाखऱ्याच्या बाजूला बाक पडला होता. मला आनंद झाला — भीती नाही, लाज नाही, आनंद.

शर्यतीत जोडी सुटली आणि गाडा पाखऱ्याच्या बाजूला ओढू लागला. तो जीव तोडून पळाला, पळता पळता गुडघ्यावर आला, आणि जोडीचा बैल अन् गाडा त्याच्यावर. हाकणाऱ्यानं उडी टाकली म्हणून तो वाचला. पाखऱ्याचा खांदा कायमचा गेला. गाडा हरेल, तात्यांचं तोंड उतरेल, एवढंच मी धरलं होतं — असं म्हणणार होतो. पण जू बैलाच्या मानेवर असतं, तात्यांच्या नाही. हे मला ठाऊक नव्हतं?

तात्यांनी पाखऱ्याला विकलं नाही. दावणीला उभा असतो, तीन पायांवर. आबा रोज सकाळी हळद-तेल गरम करून त्याचा खांदा शेकायला जातात. एकदा परत आले ते पायरीवरच बसले.

"तात्या रडलं आज," म्हणाले. "म्हनलं, तुझ्या पोरानं नीट सांगितलं हुतं ज्ञानबा, मीच लई पोती आडकवली. माझंच पाप हाय. माझ्या पाया पडाया वाकलं रं, मी धरलं त्यास्नी."

आबांचे डोळे भरले होते. जुनं काहीतरी फिटल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. आणि मी काय विचारलं असेन?

"कोन कोन हुतं तितं?"

"कोन न्हाय. मी आन् पाखऱ्या."

मला वाईट वाटलं. ते बघायला तिथं कोणी नव्हतं, याचं.