विसरभोळ्याची शिकवणी

रामदासपेठेतल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नागसेनचा दिवस एका हुशार विसरभोळ्याच्या शिकवणीने सुरू व्हायचा. विसरभोळा म्हणजे कोड लिहून देणारा एआय असिस्टंट. कामाला वाघ, पण काल काय ठरलं ते आज विचारा, पाटी कोरी! संध्याकाळी काम बंद केलं की सगळं पुसलं जायचं आणि सकाळी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करायची. मूळ कोड नागसेनचा. त्यातली कुठली ओळ कशासाठी आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मालकाने, केयूरने, ही शिकवणी त्याच्याच गळ्यात मारली होती.

प्रताप नगरच्या घरी त्याची बायको भावना चिडवायची, "पोराच्या दहावीले इतके बसले नाही तुम्ही. त्या मशीनले रोज तेच ते काहून सांगून राहिले?"

"ते विसरते वं," नागसेन म्हणायचा. खरं तर त्याला ते आवडायचं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला रोज सकाळी कोण एवढं विचारतं?

मग केयूरने एक फाइल सुरू करायला लावली. काय केलं, का केलं, काय करायचं नाही, हे संध्याकाळी त्यात लिहायचं. सकाळी असिस्टंट आधी ती वाचणार. नागसेनने ती जीव ओतून लिहिली. असिस्टंट सुधारला, सकाळचे प्रश्न कमी होत गेले, आणि एके दिवशी चहाचा कप पुढे सरकवत केयूर म्हणाला, "नागसेनभाऊ, फाइल पूर्ण झाली का तुम्ही मोकळे."

मोकळे! नोकरी गेली हे सांगायला केवढा गोड शब्द. गरज सरो, वैद्य मरो हे जगात चालतंच. इथे तर वैद्यालाच औषधाची कृती लिहून द्यायची होती.

तेव्हापासून नागसेनने एक गोष्ट फाइलमध्ये लिहायचं टाळलं. ती तो रोज तोंडीच सांगायचा: मोबाइल नंबरवरून पेशंट ओळखायचा नाही. कुहीकडच्या एका खेड्यात म्हातारी माणसं स्वतःचा नंबर देतच नाहीत. किराणावाल्या बळीरामचा देतात, कारण रिपोर्ट तोच वाचून दाखवतो. अर्धं गाव एका नंबरवर. त्यासाठी नागसेनने पेशंट ओळखायची एक वाकडी, लांबलचक पद्धत लिहिली होती, आणि असिस्टंटला ती दिसली रे दिसली की तो ती सरळ करायला धावायचा. आपण करतोय ती लबाडी आहे, हे नागसेनला कळत होतं. पण ही गोष्ट आपल्या तोंडात आहे तोवर आपली खुर्ची आहे, एवढंच त्याला दिसत होतं.

त्यात त्याला ताप आला. बरा होऊन ऑफिसात आला, तर केयूर खुशीत.

"भाऊ, यानं तर कमाल केली! तुमचा तो जुना गुंता काढून टाकला. आता नंबर टाकला का पेशंट हजर. आज कुहीच्या लॅबले पाठवून राहिलो."

नागसेनला बळीरामचा नंबर आठवला. मशीनचा तरी काय दोष? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उद्या कुहीत एका म्हातारीचं रक्त तपासलं जाईल आणि साखर दुसरीच्याच नावावर चढेल. जिला गोळी नको ती खाईल, जिला हवी ती तशीच राहील.

"पाठवू नका," तो म्हणाला आणि कारण सांगितलं.

केयूरचा चेहरा उतरला. "हे फाइलमध्ये काहून नाही भाऊ?"

"राहून गेलं," नागसेन मान खाली घालून म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली. तोंडी सांगून आजचं टळलं होतं, पण पुन्हा ताप आला तर? त्याने फाइल उघडली आणि बळीरामच्या दुकानासकट सगळं लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी केयूरच्या समोरच त्याने असिस्टंट सुरू केला. न विचारताच पडद्यावर आलं, "पेशंटची ओळख मोबाइल नंबरवरून करणार नाही. कुहीच्या भागात एकच नंबर अनेक जण देतात."

"झालं!" केयूरने मांडीवर थाप मारली. "आता याले सगळं माहीत झालं." आणि तो फोनवर बोलत बाहेर गेला.

नागसेनने असिस्टंटला विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"फाइलमध्ये तशी नोंद आहे. ती कोणी लिहिली, याचा उल्लेख नाही."

त्याने फाइल उघडली आणि अगदी खाली स्वतःचं नाव टाइप केलं. मग पुसून टाकलं. त्या नावावाचून काम कुठेच अडत नव्हतं.