ज्याचं पाऊल हळू, तो पुढं

जानराव तायड्यांबरोबर फिरायला जायला घरातलं कोणी तयार नसे. फौजेतून हवालदार म्हणून सुटून अठरा वर्षं झाली, अमरावतीत बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभं राहण्याची नोकरीही संपली, पण पावलाचा वेग काही उतरला नाही. जाईबाई म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून मी या मानसाचं तोंड कमी अन् पाठच जास्त पाह्यली."

त्या पाठीमागं यंदा बत्तीस माणसं लागली, त्यांत जाईबाईही. घरात पडून राहिलेल्या माजी सैनिकांना दवाखान्यात न्यायला गाडी हवी, म्हणून अमरावती ते अकोला चार दिवस पायी. गावोगावी थांबायचं, बोलायचं, मदत मागायची. कल्पना जानरावांची, आणि कारण पुंजाजी.

बोरगाव मंजूचा पुंजाजी त्यांच्याच पलटणीतला. सुरुंगात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. मग बायको गेली. मग बसवलेला कृत्रिम पाय गुडघ्याला काचायला लागला, तो त्यानं भिंतीला टेकवून ठेवला. "उद्या जाऊ दुरुस्तीले," म्हणता म्हणता दोन वर्षं झाली. आता तो ओट्याच्या खाली उतरत नव्हता.

"त्याले विचारलं का तुमी?" निघण्याआधी जाईबाईंनी टोकलं होतं.

"विचारलं तं नाई म्हनन. मले काय मालूम नाई तो?"

जानरावांकडे पुंजाजीचा एकच फोटो होता, वर्दीतला, काळा-पांढरा. तो त्यांनी मूर्तिजापूरच्या फ्लेक्सवाल्याला मोबाइलवर पाठवला. त्या भल्या माणसानं फोटो गोलात बसवला, भोवती झेंडूची माळ, दोन बाजूंना समया, वर ठसठशीत 'वीर जवान पुंजाजी'. मदतीचं आवाहन खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. आणि लावून टाकला भर चौकात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मूर्तिजापूर मागं पडलं. पन्नास मिनिटं चालायचं, दहा मिनिटं हॉल्ट, हा जानरावांचा नियम. बाभळीखाली सगळे बूट काढून, पाय वर करून पडले होते, तेवढ्यात फोन वाजला.

"जान्या, मी मेलो म्हने."

"काय?"

"माही बहीन बेबी आली ना मूर्तिजापूरवून. पाच बाया घेऊन, ऑटो करून. गल्लीच्या तोंडापासूनच हंबरडा. मी ओट्यावर चहा पिऊन राहिलो. मले पाहून तं अजून जोरात रडाले लागली."

जानरावांना हसू फुटलं. पलीकडून आलं नाही.

"हास. मीबी हासलो पहिले. मंग मनात आलं, मेलेल्याले कोनी विचारत नाई, तुहा फोटो लावू का म्हनून. जित्याले विचारा लागते. तुवा मले कोनत्यात धरलं?"

फोन बंद झाला. जानरावांनी आधी फ्लेक्सवाल्याला सांगून फ्लेक्स उतरवायला लावला. मग ते नुसते बसून राहिले. आजचा मुक्काम बोरगावातच होता. ज्याच्यासाठी निघालो, त्याच्याच दारावरून तोंड लपवून जायचं?

"दहा मिनिटं झाले," कोणीतरी म्हणालं. जानराव पहिल्यांदाच उठले नाहीत.

जाईबाई पोटऱ्या चोळत होत्या. "आता?"

"माफी मागतो."

"माफी मांगसान तं तो 'राहू दे' म्हनन अन् तुमी मोकळे. जे पहिले विचाराचं होतं, ते विचारा."

दुपारी ते एकटेच पुंजाजीकडे गेले. बेबीताई पोहे परतत होत्या. "या," त्या आतूनच म्हणाल्या, "जित्या मानसाले मारनारे आले."

पुंजाजी ओट्यावर होता. म्हणाला, "बोल."

"तुहं नाव घेऊ का आमी, लोकाइपुढे?"

"नाई."

"फोटो?"

"नाई म्हनलं ना बे."

जानरावांचे प्रश्न संपले.  मग अठरा वर्षांत न विचारलेलं त्यांनी विचारलं. "मंग तुले काय पाह्यजे, पुंज्या?"

पुंजाजी गल्लीच्या तोंडाकडे पाहत राहिला. "स्टँडापर्यंत चालाचं हाय. दोन वर्षं झाले, तिकडे गेलो नाई. पन तुह्या चालीनं नाई जमत."

जानरावांना फौजेतली, बर्फातली एक चढण आठवली. त्यांचाच श्वास तुटला होता, आणि तुकडीचा नायक असलेल्या पुंजाजीनं त्यांना मागून ओढून सगळ्यांच्या पुढे उभं केलं होतं: "ज्याचं पाऊल हळू, तो पुढं. मंग मांगं कोनी राहत नाई." तोच नियम ते तीन दिवस बत्तीस माणसांना पाठ दाखवत विसरले होते.

सकाळी रांग लागली. सगळ्यात पुढे पुंजाजी, गुडघ्याला जुन्या धोतराची घडी, त्याखाली तो पाय, बगलेत काठी. मागं जानराव. दोनदा ते त्याच्या टाचेवर गेले.

"जान्या, ढकलू नोको."

"नाई ढकलत."

"ढकलून राहिला."

रस्त्यावरची माणसं थांबून पाहत होती. काल रडलेल्या बेबीताई कडेनं चालत सगळ्यांना सांगत होत्या, "हाय हो, जिता हाय. पाह्यून घ्या."

स्टँड यायला तासभर लागला. पुंजाजी घामानं भिजून बाकड्यावर टेकला. दम घेतला. "त्या गाडीत पहिला नंबर माहा लावजो. नाव बारीक अक्षरात काढजो पन."

जानरावांनी मान हलवली. वर्षानुवर्षांच्या सवयीनं पुढच्या टप्प्यासाठी पाऊल उचललं, आणि थांबले. मागं वळून त्यांनी रांगेच्या शेवटी पाहिलं.

"जाई, ये. तू हो पुढं."