बोटं कोण मोजतं?

आमच्या जालन्याच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये, प्रयोग फसायचे आणि किस्से साठायचे. नव्वदच्या दशकात मी तिथं शिकवायचो. लॅब सांभाळायचे हसनाबादचे सांडूमामा.

*

अंड्यातल्या पिल्लाला पंख-पाय कसे फुटतात, हे पोरांना दाखवायचं माझं खूळ. मस्तगडच्या दुकानातून डझनभर अंडी आणली, चार दिवस उबवली. फोडली, तर आत नुसता बलक!

मामा म्हणाले, "सर, पोल्ट्रीत कोंबडा ठेवतेत का? बिनबापाचं पाय कुठून काढील?"

मग त्यांनीच गावाकडून गावरान अंडी आणली. चौथ्या दिवशी कवचाला खिडकी पाडली. पंखाच्या जागी मोहरीएवढा कोंब!

मी सांगितलं, "या कोंबाच्या मागच्या कडेला एक जीन इशारा सोडतं. जवळच्या पेशींचं एक बोट होतं, लांबच्यांचं दुसरं."

"म्हंजी भोंग्याजवळ बसलेला येगळा अन् लांबचा येगळा. बराबर?"

इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

*

त्या जीनचं नाव हेजहॉग. खरं तर हा काटेरी अंगाचा एक प्राणी. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी एका मुलीला विचारलं, "असलं नाव ठेवलं कुणी?"

घाबरलेली पोर म्हणाली, "आत्यानं, सर!"

*

मामांना नात झाली. हाताला सहा बोटं. मामींनी सगळं सुनेवर ढकललं. म्हणे, ग्रहणात वांगं चिरलं! बाळंतपणाला भोकरदनला माहेरी गेलेल्या सुनेला परत आणायचं नावच घेईनात. मामा बिचारे कासावीस.

"सर, माणसाला बोटं कधी फुटतेत?"

"दोन महिने भरेपर्यंत."

"गिऱ्हाण तर सातव्यात आल्तं!"

दुसऱ्या दिवशी ते मामींना घेऊनच आले. मामींनी अंड्यातलं पिल्लू बघायला मायक्रोस्कोपला डोळा लावला, तो काढेचनात.

"एवढुशा जिवाची बोटं कोण मोजतं, सर?"

"आतला इशारा. तो चुकला की बोट वाढतं. कधीकधी घराण्यातच असतं ते."

"बराबर," मामा म्हणाले. "आता पाय दाखव सरांला."

मामींनी त्यांच्याकडं असं पाहिलं की मीच दोन पावलं मागं सरलो. मग लुगड्याच्या काठाखालून पाय पुढं आला. करंगळीशेजारी सहावं बोट!

मामा छताकडं बघू लागले.

मामींनी पाय आत ओढला आणि म्हणाल्या, "भोकरदनची एसटी किती वाजता हाये?"