पिवळं जाकीट

रस्तेखात्यातल्या मोजणीदाराची कामाची पद्धत ठरलेली होती. नवा स्पीडब्रेकर झाला की आठवड्याभरात तो पिवळंधमक जाकीट घालून, वेग मोजायचं यंत्र घेऊन भर रस्त्यात उभा राहायचा. त्याला बघून भलेभले ड्रायव्हर गोगलगाय व्हायचे आणि शंभर गाड्या मोजून तो लिहायचा, 'उपाय प्रभावी'. अठरा वर्षांत त्याचा एकही स्पीडब्रेकर नापास झाला नव्हता, आणि त्याची टिमकी तो घरीदारी वाजवायचा.

धाकट्या बहिणीच्या दारासमोरचाही त्यानेच पास केला होता. "दादा, लोक निर्ढावलेत रे, आता कोणी ब्रेकच मारत नाही," ती दोनदा म्हणाली. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणून त्याने तिला उडवून लावलं. सहाव्या महिन्यात तिथेच एका टेम्पोने तिचा पाय गुडघ्यापासून नेला.

फेरमोजणीला खात्याने त्यालाच धाडलं. बहीण कुबडी घेऊन खिडकीत बसली होती. "आज जाकीट काढून फाटकाआडून मोज," ती म्हणाली. त्याने मोजलं. अठ्ठावन्न, चौसष्ट, एकाहत्तर. जुन्या अहवालाखाली सही त्याचीच होती.

त्याने आकडे पुसले, जाकीट चढवलं, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि रस्त्यात जाऊन उभा राहिला. गाड्या सरपटू लागल्या.

"दादा, तासभर तरी हलू नकोस तिथून," बहीण खिडकीतून ओरडली. "माझी पोरगी शाळेतून यायचीय."

अर्ध्या तासात शंभर गाड्या भरताच त्याने जाकिटाची घडी घातली आणि निघून गेला.