अजून एक ओव्हर

आमच्या क्लबचा कॅप्टन बद्रीनाथ. वेळेवर डाव सोडणं या माणसाला कधी म्हणजे कधी जमलं नाही. मी त्याचा विकेटकीपर, त्यामुळे त्याच्या भित्रेपणाची फळं स्टंपांमागे उन्हात उभं राहून मीच भोगली.

दोन दिवसांच्या मॅचमध्ये कॅप्टनची खरी परीक्षा एकच, आपली बॅटिंग थांबवायची कधी. लवकर थांबवली तर समोरचे रन काढून जिंकतात. उशिरा थांबवली तर त्यांना बाद करायला वेळच उरत नाही. बद्रीचं आपलं ठरलेलं, "अजून एक ओव्हर." घराला कुलूप लावून, जिना उतरून, पुन्हा वर जाऊन ते ओढून बघणारा माणूस तो. डाव काय सोडणार, कपाळ!

शर्मिलावहिनी, म्हणजे त्याची बायको, रविवारी डबा घेऊन मैदानावर यायच्या. बद्री असा अडून बसला की मागून शांतपणे म्हणायच्या, अहो, सोडा आता, समोरच्यांनाही घरी जायचंय. आणि खेळणाऱ्यांना परत बोलवायची कॅप्टनची खूण, तळवा आपल्याकडे वळवून बोटं हलवायची, ती त्याच्याआधी याच करून मोकळ्या व्हायच्या. आम्ही सगळे हसायचो. बद्री सोडून.

एका फायनलला समोरच्यांची शेवटची जोडी खेळत असताना वेळ संपली आणि हातातली मॅच अनिर्णित राहिली. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो एवढंच म्हणाला, हरलो तर नाही ना?

मग वहिनींना कॅन्सर निघाला. वर्षभर औषधं झाली. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता उपयोग नाही, घरी न्या, निवांत राहू दे त्यांना. वहिनींनाही तेच हवं होतं. बिबवेवाडीच्या घरी गॅलरीत बसायचं आणि कुंडीतल्या कढीपत्त्याला आपल्या हाताने पाणी घालायचं, बास. बद्री म्हणाला, अजून एक केमो देऊन बघू. ती झाल्यावर, अजून एक. या वेळी मी गप्प बसलो. मॅच गेल्यावर शिव्या घालणं सोपं असतं हो, इथे कुठल्या तोंडाने बोलणार?

एका दुपारी आम्ही दोघं वहिनींच्या कॉटपाशी बसलो होतो. त्यांचं बोलणं बंद झालं होतं. त्यांनी हात जरासा उचलला, तळवा आपल्याकडे वळवला आणि बोटं हलवली. नर्सला वाटलं, पाणी हवंय. बद्री मात्र उठून उभा राहिला. डॉक्टरांपाशी जाऊन म्हणाला, "डाव सोडतो." त्यांना काही कळेना. घरी नेतोय म्हणतोय तो, असं मला सांगावं लागलं.

संध्याकाळी ॲम्ब्युलन्समधून आणलं. गॅलरीत आरामखुर्ची टाकून, उशा लावून बसवलं. पण वहिनी डोळे उघडेनात. बद्री कढीपत्त्याची पानं चुरगळून त्यांच्या नाकाशी धरत राहिला, अगं घर आलं, बघ ना, म्हणत राहिला. माझ्याच्याने ते बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

तेराव्याला क्लबची सगळी मंडळी आली. जो तो त्याला सांगत होता की तू शेवटपर्यंत लढलास, काही कमी ठेवलं नाहीस. तो मान हलवत होता. सगळे गेल्यावर माझ्याकडे वळला.

"हरायचं तर होतंच रे," तो म्हणाला. "तिच्यासाठी थोडा वेळ ठेवायला हवा होता, तेवढाही मी ठेवला नाही."