वळणावरचा डावा हात

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि बायकोला म्हणतो, "बघ, अजून एकाला पित्त झालं!" आमच्या घरात लिंबू-मिरची येते ती फक्त लोणच्यासाठी. आणि आज मीच लिहायला बसलोय... हसा खुशाल.

मी बडोद्याचा. लहानपण तिथल्या वाडी भागात गेलं, आता घर तरसालीला. नोकरी मात्र खंभातच्या आखातातल्या एका बंदरात, नाव सांगत नाही. पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो. काम म्हणाल तर मी बोटींचा ट्रॅफिक पोलीस. बंदराच्या आत सहा नॉटपेक्षा, म्हणजे साधारण सायकलीपेक्षा, जास्त वेगाने जायचं नाही. कुणी जोरात गेलं की मागे लाट उठते, धक्क्याला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आदळतात. मधे कुणाचा पाय सापडला तर संपलंच. आणि प्रवासी फेरीबोट, मच्छीमार, जहाजं ओढणारे टग... सगळ्यांना वाट एकच, तीही चिंचोळी आणि वळणाची.

माझी पद्धत साधी. गस्तीची लाँच वळणाच्या अलीकडे भर उघड्यावर उभी करायची आणि आपण तिच्या पुढच्या टोकाला उभं राहायचं. उजवा खांदा लहानपणी उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवताना गच्चीवरून पडून गेलेला, म्हणून मी डाव्या हाताने खूण करतो. तीन वेळा हात खाली, मग छातीवर. वेगाची पाटी कुणी वाचत नाही, पण बोट चालवणारे सगळे तांडेल माझा हात ओळखतात. पकडण्यात कसली मर्दुमकी? बोट हळू झाली की काम झालं.

मग आला हितेश. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. कडक इस्त्री, नवीकोरी स्पीड गन, साहेबांपुढे रंगीत तक्ते. मीच त्याला भरती-ओहोटी शिकवली आणि इनचार्जची जागा त्याला मिळाली. लपवत नाही, पोटात दुखलं माझ्या. तो हसला तरी दुखायचं. एकदा तो बडोद्याला घरी आला, बायकोला वाकून नमस्कार केला. ती आठवडाभर म्हणत होती, "किती नम्र आहे हो मुलगा!" जेवणावरची वासनाच उडाली माझी.

मी चार्ज देत असताना तो म्हणाला, "सर, लाँच जेटीनी भींत पाछळ लपवीने ऊभी राखीश. बधा फुल स्पीडमां पकडाशे."

भिंतीमागे लपलं की सगळे भर वेगात सापडतील, हा त्याचा हिशेब. मला तिथेच कळलं की हा चुकतोय. ओहोटीला पाणी फेरीला वळणावर नेमकं त्या भिंतीकडे ढकलतं. भिंतीमागची लाँच तांडेलला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य जिभेवर आलं... आणि मी गिळलं. म्हटलं, आपटू दे एकदा तोंडावर. मग साहेबांना कळेल कोण काय आहे ते. आणि रजा टाकून घरी आलो.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही दोघं खंडेराव मार्केटात होतो. बायको बहिणीशी फोनवर बोलत वांगी निवडत होती, मी पिशवी धरून उभा. डोक्यात काय होतं तेही लिहितो. हितेशला साहेब सगळ्यांदेखत झापताहेत, असं चित्र मी मजेत रंगवत होतो.

आणि माझा डावा हात वर गेला.

मी नेला नाही. तो गेला. पिशवी पडली, वांगी घरंगळली. हात तीन वेळा खाली आला, सावकाश, आणि छातीवर टेकला. खाली आणायचा प्रयत्न केला तर जमेना, जणू दुसऱ्या कुणाचाच. भाजीवाली म्हणाली, "काका, कोने रोको छो?" कुणाला अडवताय म्हणे. बायकोने फोनवरच हात ठेवून दटावलं, "अहो, लोक बघताहेत!" तेवढ्यात हात सुटला.

अर्ध्या तासाने हितेशचा फोन आला. आवाज रडवेला. रजेवर असताना मी कधी आलो, असं विचारत होता.

"सर, तमे क्यारे आव्या? रजा पर हता ने?"

झालं होतं ते असं. भरलेली फेरी वेगात वळणाकडे येत होती, ओहोटी तिला भिंतीकडे ओढत होती. भिंतीमागे हितेशच्या लाँचचं इंजिन सुरूच होईना. फेरी आता आपल्यावर येणार म्हणून त्याने डोळे मिटले. पण फेरीने वेग लांबूनच कमी केला होता, ती शांतपणे बाजूने निघून गेली. तिचा तांडेल नंतर हितेशलाच म्हणाला, "पेला मराठी साहेब जेटीना छेडे ऊभा हता. डाबो हाथ कर्यो."

म्हणजे मी जेटीच्या टोकाला उभा राहून डाव्या हाताने खूण केली होती! तांडेलच्या खलाशानेही मला तिथे पाहिलं. हितेशला कुणी दिसलं नाही. कॅमेऱ्यातही जेटीचं टोक रिकामं. फेरी हळू झाल्याची वेळ मात्र बायकोच्या फोनमधल्या कॉलच्या वेळेशी तंतोतंत जुळली.

लोक म्हणतात, तांडेलला सवयीने भास झाला असेल. असेल. पण सवय लाँचवर बघायची. जेटीच्या टोकाला मी आयुष्यात कधी उभा राहिलेलो नाही. आणि दोघांना एकच भास? माझ्या हाताचं काय? डॉक्टरांनी तपासलं, नसा ठीक आहेत म्हणाले.

परत गेलो तर हितेश माझ्या पाया पडला. तांडेल येता-जाता सलाम करतात. मी मान हलवतो, गिळलेल्या वाक्याबद्दल बोलत नाही. हितेशचा हेवा तेव्हापासून वाटेनासा झालाय. आता वाटतो तो जेटीवरच्या त्या माणसाचा. चेहरा माझा, हात माझा, आणि मी सुखाने एकाचं वाईट चिंतत असताना तो तिथे जाऊन उभा राहिला. ते सगळे सलाम त्याचे आहेत. त्याच्यासारखा मी का नाही, या विचाराने अजून जळतो मी.